पांढऱ्या पेशी आणि तुमच्या मामाचा कौल

परवा फोनवर तुमची आई म्हणाली, धाकटीच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी निघाल्या आणि तिकडचे डॉक्टर आणखी तपासण्या सांगतायत. घाबरू नका. हे आपल्या घरात आहे. तुमच्या आजीत, म्हणजे माझ्यात आहे, तुमच्या आईतही आहे. मामाच्या वेळी काय घडलं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

मामाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्याने नुकती चाळिशी ओलांडली होती. मामी त्याला डायलिसिससाठी कुडाळला न्यायची. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली शीर नीट तयार होईना, म्हणून मानेत नळी बसवली होती. माझा रक्तगट जुळला. मी एक मूत्रपिंड देणार हे ठरलंच होतं. पण तपासण्यांत माझ्या पांढऱ्या पेशी कमी आल्या. पुन्हा केल्या, पुन्हा कमी.

मी ठणठणीत होते. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आजारपणाची रजा क्वचित घेतली. तरी कोल्हापूरचे डॉक्टर कारण सापडल्याशिवाय मला टेबलावर घ्यायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. तुमच्या आईचे रिपोर्ट मागवले. यात चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत मामीने ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. सासूचं मूत्रपिंड घ्यायचं असेल तर उजवी पडू दे. डावी पडली. आपल्याकडे घर बांधायचं, लग्न ठरवायचं, तर असंच विचारतात आणि मिळालेल्या कौलाबाहेर कुणी जात नाही.

नंतर डॉक्टरांचा निरोप आला. ते म्हणाले, "आजी, तुमच्या मुलीच्याही पेशी कमीच आहेत, तुमच्याही पहिल्यापासूनच कमी असणार. तुम्हाला तेवढ्या पुरतात. हा आजार नाही. तुम्ही देऊ शकता."

मी घरी येऊन मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आये, देवान नाय म्हटल्यान. आता इषय नको."

"देवाक माझो रिपोर्ट वाचूक येता काय रे?"

"चार म्हयने तो डॉक्टरांकाय कळाक नाय. देवाक कित्याक बोलतंस?"

मग मी स्वतः देवळात गेले. गुरव म्हणाला, "बाईनू, एका गोष्टीचो कौल दोनदा लावत नाय." मी म्हटलं, गोष्ट बदलली आहे, आता डॉक्टर हो म्हणतायत. त्याने थोडा विचार केला आणि नवं गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभी राहिले. उजवी कळी पडली.

मी जवळजवळ धावतच घरी आले. मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. "देवाकय पटवलंस तू," तो म्हणाला. मग कूस बदलून माझ्याकडे वळला. "आये, तुझ्या रगतात रोगाशी लढणारे शिपाय कमी आसत. माझ्यापायी तुका काय झाला तर मी त्या किडनीचा काय करू गो?"

तेव्हा मला कळलं की कौल त्याला नाही म्हणायला आधार म्हणून हवा होता. मी रागावले, रडले, डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं. शेवटी तो म्हणाला, "बरा. चतुर्थी होवंदे. मगे बघूया." गणपतीच्या आधी इथे कुणी कसलंच मोठं काम काढत नाही. मामी म्हणाली, "आई, आता ओढून धरू नका, हो म्हणाले ना." मीही हट्ट सोडला.

श्रावण सरता सरता मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले. ताप आला, थंडी भरली, इस्पितळात पोचेपर्यंत तो तापात बरळायला लागला होता. मी रिपोर्ट हातात घेतला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पेशी पार वर गेल्या होत्या. इतक्या मी माझ्या कुठल्याच कागदावर पाहिल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्या वर्षी सुतकामुळे घरी गणपती आणला नाही.

म्हणून धाकटीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की हे आजीत आणि आईत आहे. माझे रिपोर्ट हवे असतील तर पाठवते. तपासण्या सांगतील त्या करा, पण उगीच वाट बघत बसू नका.

मी बरी आहे. गेल्या महिन्यात तपासणी झाली. पेशी तेवढ्याच आहेत, आणि दोन्ही मूत्रपिंडं उत्तम चालतात.