डिटेक्टिव्ह आणि गोमाचे काळे पाय

मंडळी, आज दुपारी टोकावड्याला भाऊआजोबांना, म्हणजे वडिलांच्या चुलत्यांना, मोबाइलवर जुना विनोदी सिनेमा लावून दिला. त्यातला हौशी डिटेक्टिव्ह भिंगातून पायांचे ठसे शोधतो आणि दर वेळी भलत्यालाच पकडतो. मी खदखदून हसत होते.

सत्त्याण्णव वर्षांचे आजोबा म्हणाले, "बंद कर ते."

सेहेचाळीस साली त्यांनी मुरबाडला तंबूत असाच सिनेमा पाहिला आणि गावात येऊन स्वतःच हेर झाले. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा तांब्याचा हंडा गेला. ओटीवर राखेचे काळे ठसे होते. दिवस राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचे. आजोबा थेट आमच्या गड्याच्या, गोमाच्या झोपडीत शिरले.

"त्याचे पाय काळेच निघाले. गाव माझ्यावर खूश."

गोमाला चिंचेला बांधून मारलं. तिसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला.

वैशाखात विहीर आटली, तेव्हा हंडा तळाशी दिसला. शेजाऱ्यांच्या सुनेच्या हातून तो पाण्यात पडला होता. भीतीने ती बोलली नव्हती.

"राबाच्या दिवसांत अख्ख्या गावाचे पाय काळे असतात गो," आजोबा म्हणाले. "माझे पण होते. ते कोणी बघितले नाय."

असे किती सिनेमे मी पाहिले असतील! भलता माणूस पकडला गेला की पोट धरून हसले. त्याचं पुढे काय झालं, हे एकदाही मनात आलं नाही.

तुमच्या मनात आलं होतं?