बाई येऊन गेल्या होत्या

आमच्या वनस्पतीशास्त्राच्या बाई सव्वीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. शेजारच्या विभागातून सूक्ष्मदर्शक आणायचा असला तरी मला, त्यांच्या प्रयोगशाळा सहायकाला, पाठवायच्या. "तू जा गं, तुझी जीभ चालते," म्हणायच्या.

अशा बाई अभ्यास मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, कारण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या नव्या मसुद्यातून रानात जाऊन झाडं ओळखायचं प्रात्यक्षिक काढून टाकलं होतं. त्याऐवजी मुलांनी पडद्यावर चित्रं बघायची. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "पान चुरगळून वास कसा घ्यायचा पडद्यावर?" एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरला.

मतदार म्हणजे आमच्याच विषयाचे अडतीस शिक्षक, सतरा महाविद्यालयांत विखुरलेले. प्रत्येकाला जाऊन भेटायचं. बाईंनी यादी माझ्यापुढे सरकवली. मग मी सोबत निघाले.

पहिल्याच ठिकाणी विभागप्रमुख हसत उठले. "अहो, पुन्हा कशाला त्रास घेतलात? मंगळवारी बोलणं झालंय की आपलं. माझं मत तुम्हालाच."

मंगळवारी बाई दिवसभर माझ्यासमोर उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या.

"त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या महाविद्यालयातल्या मॅडमनी तर त्यांचा हातच धरला. "आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हं! किती आठवणीनं विचारलंत तुम्ही." त्या मॅडमना आई आहे, हेसुद्धा बाईंना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या ठिकाणी टेबलावर चहाचे दोन कप होते. एक अर्धाच प्यालेला. तिथले सर म्हणाले, "काही विसरलात का? आत्ता तर जिन्यापर्यंत सोडून आलो तुम्हाला." मग त्यांनी कौतुकानं एक वाळलेली फांदी पुढे केली. चार वर्षं हे झाड तिथं कुणाला ओळखता आलं नव्हतं. फांदीला नावाची चिठ्ठी बांधलेली होती, खाली त्याच दिवसाची तारीख. अक्षर बाईंचं. इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची त्यांची सवयसुद्धा तीच. बाईंनी त्यावर अंगठा फिरवला तर शाई फिसकटली.

मी दारातून जिन्याकडे डोकावून आले. बाईंनी मात्र हळूच विचारलं, "मी काय काय बोलले?"

"काय नाही बोललात! हसून हसून पोट दुखलं आमचं."

परतताना बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मला कुणाला हसवता येत नाही गं."

घरी त्यांनी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा प्रचार परस्पर होतोय तर होऊ दे की. माझी दाढी कुणी परस्पर करून देणार असेल तर मी नाही म्हणणार नाही." बाई हसल्या नाहीत. त्यांनी माघार घ्यायचं ठरवलं.

सकाळी अकराला आम्ही निवडणूक कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं बाईंना पाहिलं आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"माघारीचा अर्ज हवा होता," बाई म्हणाल्या.

त्यानं अर्ज काढून खिडकीत ठेवला, पण वरचा हात काढला नाही. "मागितला तर द्यावा लागतो, बाई. नियमच आहे. पण दार उघडायच्या आधी तुम्हीच इथं उभ्या होतात. म्हणालात, मी परत येईन, घाबरलेली असेन, माघारीचा अर्ज मागेन. देऊ नका. शपथ घातलीत मला." त्याचा आवाज खाली आला. "आणि तुम्ही खरंच घाबरलेल्या आहात."

"तेव्हा नव्हते?"

"छे! अजिबात नाही."

बाईंनी हातातलं पेन पर्समध्ये ठेवलं. मग पर्स बंद केली आणि म्हणाल्या, "राहू दे."

त्यानंतर त्या कुणाला भेटायला गेल्या नाहीत. अडतीसपैकी एकतीस मतं त्यांना पडली. प्रात्यक्षिक वाचलं, मुलं अजूनही रानात जातात. मुदतीच्या पाच वर्षांत कितीदा तरी लोक म्हणायचे, "तुम्ही शब्द दिला होतात." बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. वहीत लिहून घ्यायच्या आणि तसं करायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही कुठं दिला होता शब्द?" तर म्हणाल्या, "माझ्याच तोंडानं दिलाय ना? मग पाळायला नको?"

मुदत संपल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पुढं निवृत्त झाल्या. गेल्या महिन्यात दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा फोन आला. लांबच्या महाविद्यालयातली नवी शिक्षिका होती. आदल्या दिवशी बाई डोंगरावर येऊन मुलांना झाडं दाखवून गेल्या, म्हणून आभार मानत होती. गुडघ्यांमुळे बाई दोन महिन्यांत जिनासुद्धा उतरलेल्या नाहीत.

"हो का? छान," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "डोंगर नीट चढले ना मी? दमलेली नव्हते ना दिसत?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाई नुसतं "बरं, बरं" म्हणाल्या आणि कितीतरी वेळ गुडघा चोळत बसून राहिल्या.