जिल्ह्याचे पेढे

माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे म्हणजे आप्पा. त्यांच्याइतका संशयी माणूस उदगीरपासून नांदेडपर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. उद्या खुद्द यम दारात आला तरी आप्पा त्याला आधी ओट्यावर बसवतील, पाणी देतील आणि मग गाव विचारतील. उदगीरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. जन्मभर पातेली बोटानं वाजवून पारखायची सवय, ती अशी अंगात भिनलेली की वाजवून बघितल्याशिवाय त्यांना कुठलीच वस्तू खरी वाटत नाही. बहिणीच्या लग्नात रुखवतातली भांडी त्यांनी भर मांडवात एकेक करून वाजवली. माझे वडील रागानं लालबुंद! शेवटची घागर खाली ठेवत आप्पा म्हणाले, "भांडी अस्सल हायत. मानसं बी तशीच निघतील." ही स्तुती होती, हे आमच्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

अशा माणसाच्या हाती बँकेनं कार्ड दिलं आणि मागोमाग भामट्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा मला काळजी वाटली ती भामट्यांची. दोन अनोळखी माणसं भेटली की आधी गाव, मग आडनाव, मग सोयरेधायरे, ही आमच्याकडची रीतच. आप्पांनी ती फोनला लावली. एकदा माझ्यासमोरच कुणीतरी फर्मावलं, "मुख्य शाखेतून बोलतोय, कार्डाचा नंबर सांगा." आप्पा गादीवर ऐसपैस बसले. "सांगतो की. तुमचं गाव कोन्तं?"

"मुख्य शाखा."

"शाखा झाली वो. गाव? आईचं माहेर कुठलं? देवणीकडं कोन सोयरं हाय का?"

त्या बिचाऱ्यानं आईच्या माहेरापर्यंत धीर धरला, मग फोन आपटला. आप्पा लई खूश. "घाईत घेतलेलं भांडं घरी जाऊन गळतंय, पाव्हनं. खरा मानूस थांबतो. थांबत न्हाई तो आपला न्हाई." बँकेच्या भिंतीवरच्या सावधगिरीच्या सूचना मी कितीदा वाचल्या असतील, एक आठवेल तर शपथ. आप्पांचं हे वाक्य मात्र पाठ आहे.

पण चांगल्यातल्या चांगल्या पातेल्यालाही कुठे तरी पोचा असतोच. आप्पांचा पोचा म्हणजे अजून न झालेला उदगीर जिल्हा. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते तरुण होते, मालासाठी लातूरला गेले होते. तिथं चौकात एका अनोळखी माणसानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला आणि आप्पांनी तो गाव न विचारता खाल्ला! "आता पुढचा नंबर आपला," असं ते तेव्हापासून म्हणत आलेत. पेपराच्या कोपऱ्यात कुठे 'नवा जिल्हा' असं दिसलं की त्या दिवशी दुकान उशिरा उघडणार हे ठरलेलं.

मग तो दुष्काळ आला. लातूरलाच रेल्वेनं पाणी आणायची पाळी, तिथं उदगीरच्या गल्ल्यांना कोण विचारतो! आप्पांच्या घागरी धडाधड खपत होत्या आणि घागर देताना दर वेळी त्यांचाच चेहरा पडायचा. "पानी न्हाई म्हनून धंदा व्हायलाय, हे काय बरं हाय का?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचे. गल्लीनं टँकरसाठी वर्गणी काढली. ती ठेवायची कुठे यावर चर्चाच झाली नाही. आप्पांच्या खात्यात! त्यांना फसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, अशी सगळ्यांची खात्री.

त्याच आठवड्यात मी नांदेडहून गेलो होतो. दुकानात पाय ठेवतो तर आप्पा फोन हातात धरून उभे आणि डोळ्यांत पाणी. फोन ते नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असाच घेतात. पलीकडचा सांगत होता, उदगीर जिल्हा मंजूर झाला, त्यामुळे लातूर जिल्ह्याची जुनी कार्डं आज बंद पडणार, नवं पाहिजे तर नंबर सांगा. "हाव साहेब, हाव. झाला म्हना की एकदाचा!" आणि गाव नाही, आडनाव नाही, आप्पा खुशाल कार्डाचे आकडे मोठ्यानं वाचत होते. मागच्या बाजूचे आकडेसुद्धा! "आप्पा, थांबा!" म्हणत मी धावलो, तर त्यांनी मला हातानंच गप्प केलं. तेवढ्यात फोन टिंग वाजला.

"आता आलेला ओटीपी सांगा," पलीकडचा म्हणाला. अख्ख्या गल्लीचं पाणी आता तेवढ्या आकड्यांवर होतं.

"सांगतो की साहेब," आप्पा म्हणाले, "पर आधी पेढे आनतो. नव्या जिल्ह्याचं पहिलं काम, तोंड गोड केल्याबिगर कसं करावं?"

"अहो, पेढे नंतर! लवकर सांगा, वेळ संपतोय!"

आप्पांचा चष्म्याकडे गेलेला हात तिथंच राहिला. "पेढे नंतर?" ते हळूच म्हणाले. "जिल्हा झाला, अन् पेढे नंतर?" मग घसा साफ करून, "साहेब, तुमचं गाव कोन्तं वो?"

फोन बंद झाला.

मी लगेच पासबुकावरच्या नंबरला फोन लावून कार्ड बंद करवलं. पैसा जागच्या जागी होता. दुसऱ्या दिवशी टँकरही आला आणि गल्लीनं आप्पांच्या हुशारीचं तोंड भरून कौतुक केलं. आप्पा मात्र गादीवर नुसते बसून होते. पुढ्यातलं एक पातेलं त्यांनी उगाच वाजवलं. "पानी वाचलं, पाव्हनं," ते म्हणाले, "पर जिल्हा गेला की."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पैसे गेले असते तर पोलिसात तरी जाता आलं असतं. त्या मेल्यानं एका म्हाताऱ्याला घटकाभर त्याचा जिल्हा दिला आणि काढून घेतला, याची फिर्याद कुठे द्यायची?

आप्पा आता थकलेत. उठताना भिंतीचा आधार घेतात. मध्यंतरी मी स्टँडवरून सहज पेढे घेतले, बहिणीला आवडतात म्हणून. माझ्या हातातला खोका पाहिला आणि आप्पा आधार न घेता उठून उभे राहिले. टोपी सरळ केली.

"झाला?"

"न्हाई आप्पा... हे आपलं असंच."

"असू द्या, असू द्या," म्हणाले आणि पुन्हा बसले. बसताना त्यांनी भिंत धरली.

तेव्हापासून मी उदगीरला जाताना केळी नेतो. पेढे एकदाच न्यायचेत. देवानं आप्पांना तोवर ठेवावं, एवढंच मागणं.