धुऱ्यावरचे नऊ फोटो

पहिलेच सांगून ठेवतो. भूत-प्रेत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही. बहात्तर वर्षांत कधी मानलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मसणाले लागून असलेल्या वावरात चाळीस वर्षं एकट्यानं वखर हाकला अन् एक दिवस भेलो नाही. गावात कोणाच्या अंगात आलं तं मी म्हणायचो, त्याले वावरात निंदाले पाठवा, तासाभरात उतरते. म्हणून हे लिहाले मले जड जाऊन राह्यलं. माही पोरगी लता म्हणे, बाबा, तुम्ही वहीत लिहा, मी टाईप करून पाठवते. तिले बजावलं — शब्द माहेच राहू दे, शहाणपण करू नको.

आमचं वावर फुलसावंगीच्या शिवारात, नाल्याच्या अंगानं. बापाचं अठरा एकर. मी मोठा, गणपत चार वर्षांनी लहान. नऊ-नऊ एकर वाटून घेतलं, मधात धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधातली मातीची हद्द, शहरातल्या लोकांसाठी सांगतो. बापानं तो बैल चालन एवढा रुंद ठेवलता.

बारा वर्षांमांगं माह्या ध्यानात आलं का धुरा बारीक होऊन राह्यला. मी तं कोरला नाही, मंग कोणं कोरला? गणपतले विचारलं. तो म्हणे, "दादा, मी कायले कोरू? तुह्या अंगानं खचून राह्यला तो. तिकडून पाय एकदा."

चोर माह्या अंगानं आहे म्हणते! मोठ्या भावाले! मी जे बोललो ते इथं लिहत नाही. तवापासून बोलणं बंद. त्यानं गावठाणात घर बांधलं, मी वावरातल्या घरात राह्यलो. त्याच्या पोराचं, सुधाकरचं लगन झालं, मी गेलो नाही. माही बायको गेली तवा गणपत आलता. खांदा द्याले मुकाट्यानं माह्या मांगं उभा राह्यला. मी मान वळवून पायलं नाही.

आता कॅमेऱ्याचं.

यंदा आषाढात लता दिग्रसहून एसटीनं आली, पिशवीत एक डबा घेऊन. हिरवट रंगाचा, वर शिंगावानी अँटेना. रोही अन् डुकरं सोयाबीनचा सत्यानाश करतात, हे मी तिले फोनवर सांगत राहायचो, म्हणून तिनं हा जंगलातला कॅमेरा आणला.

"बाबा, यात सिमकार्ड आहे. समोर गरम अंग हाललं का हा फोटो काढते अन् तुमच्या मोबाईलवर पाठवते."

"म्हणजे डुक्कर मले फोन करन?"

"मिस कॉल देईन. तुम्ही उचलता कुठं कोणाचा?"

तिनं आठ सेल टाकले, कार्ड टाकलं, माह्या मोबाईलमधी ॲप टाकलं. मंग शिकवणी सुरू. कमरेएवढ्या उंचीवर बांधा. तोंड उत्तरेले ठेवा, नाहीतर ऊन त्याच्या डोळ्यात जाते. समोरचं गवत कापा, गवत हाललं तरी फुकटचे फोटो येतात. नाल्याच्या बाजूनं, डुकराच्या वाटेवर आम्ही तो पट्ट्यानं बांधला. रेंजची एकच कांडी यायची, पण फोटो यायचा. पहिल्या फोटोत मीच — तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. लता हसता हसता खाली बसली.

तिची एसटी सुटली अन् मी कॅमेरा सोडला. धुऱ्याच्या टोकाले पळसाचं झाड आहे, त्याले बांधला. तोंड उत्तरेलेच, सरळ धुऱ्याच्या लांबीवर. डुकरं गेली उडत. मले गणपत पकडाचा होता. समोरचं गवतही कापलं. धुऱ्याच्या बुडाशी, माह्या अंगानं जे होतं तेवढं ठेवलं, बैलाले लागते म्हणून. अन् तालुक्याले सरकारी मोजणीचा अर्ज टाकून आलो.

दोन महिने मोर आले, रोही आले, कोणाचं तरी कुत्रं आलं. तंबाखू मळत बसलेला मी आलो. गणपत आला नाही.

पोळा झाला अन् चार दिवसांनी सुधाकर गाडीवर आला. अंगणातच उभा राह्यला.

"मोठे बाबा, बाबाले लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं आहे. मोजणीची तारीख थोडी पुढं ढकलता का? मले तिकडं राहा लागते."

मी "पाहू" म्हटलं. तो गेल्यावर चहा मांडला अन् तसाच ऊतू जाऊ दिला. पण मनातला दुसरा माणूस म्हणे — मोजणी टाळासाठी तं नाही?

चौथ्या दिवशी सकाळी मोबाईल टुणकन वाजला. धुऱ्यावर गणपत उभा. कॅमेऱ्याकडं पाठ. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. डावा खांदा उतरता. लहानपणी बैलबंडीवरून पडलता, तवापासून तसाच. हद्दीच्या दगडापासून दोन पावलं अलीकडं थांबला अन् उजवा हात खाली, माह्या अंगाले, बोट लांब केलेलं. खाली लिहून आलतं सहा चाळीस.

खरं सांगतो, भेव वाटलं नाही. संताप आला. लकवा मारला म्हणते अन् इथं बोटानं धुरा मोजून राह्यला! तसाच अनवाणी निंगालो. घरापासून धुरा पाच मिनिटं. कोणी नाही. सांजेले पाणी येऊन गेलतं. आमची काळी माती अशी का कोंबडी चालली तरी पाय उमटते. एक पाय नव्हता. गवतावरून गेला असन, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ, तीच जागा, तोच हात.

सहाव्या दिवशी मी अगोदरच जाऊन पळसाच्या मांगं बसलो. आज हातानं धरतो म्हटलं. उजाडलं. ऊन सोयाबीनवर आलं. समोर धुरा मोकळा, वर एक टिटवी, बाकी कोणी नाही. अन् खिशात मोबाईल वाजला.

उघडून पायलं. माह्यापासून वीस पावलांवर गणपत उभा होता... फोटोत. मान वर केली. टिटवी होती.

मी काय केलं असन? मनाले सांगतलं, रेंज हळू आहे, कालचा फोटो आज आला. वेळ खाली लिहून होती, पण ती वाचाले मले चष्मा लागते अन् चष्मा घरी होता. घरी आलो. चष्मा लावला नाही. मुद्दाम.

नववा फोटो आला त्याच दिवशी दुपारून सुधाकर ऑटो घेऊन आला. आत त्याची माय, गणपतची बायको. पदर कपाळापर्यंत. मोठ्या दिराशी ती कधी समोरासमोर बोलली नाही, आमच्यात बोलत नाहीत.

"मोठे बाबा, चला," सुधाकर म्हणे. "बाबाले काल घरी आणलं. बोलता येत नाही. 'दा' एवढंच निंगते तोंडातून. दिवसभर 'दा... दा.' आम्ही दवा आणली, तोंड पुसाले दादरा आणला, दाराकडं पायलं. मंग मायच्या ध्यानात आलं."

ऑटोतून आवाज आला, "सुधाकर, त्याइले म्हण, भांडण मांगाहून करतील पायजे तेवढं. एकदा तोंड दाखवून या म्हणा."

एवढंच करायचं होतं मले. ऑटोत बसायचं होतं. सदराही धुतलेलाच होता अंगावर.

पण मी मोबाईल वर धरला अन् म्हटलं, "येडा समजता काय मले? तुहा बाप रोज सकाळी माह्या धुऱ्यावर उभा राह्यते. पुरावा आहे माह्याजवळ. मोजणीच्या दिवशी साहेबालेच दाखवतो. त्याले म्हणा, इथं येतच आहे, तं इथंच भेट."

सुधाकरनं मोबाईलकडं पायलंही नाही. "यायचं नसन तं नका येऊ, मोठे बाबा. पण असं बोलू नका."

ऑटो गेला. दुसऱ्या सकाळी फोटो आला नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नाही. त्याच दुपारी गणपत गेल्याचा निरोप आला.

मी गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घराची पायरी चढलो. त्याले ओसरीवर ठेवलतं. दाढी पांढरीफट वाढलेली, मनगटावर सुयांचे काळे-निळे डाग. उजव्या हाताची मूठ आखडून गेलती. दोन बाया ती सरळ करून राह्यल्या होत्या, होत नव्हती. मी तो हात पायला. फोटोतला हात तोच होता — पण फोटोत तो सरळ होता.

माती झाल्यावर सुधाकरले बाजूले घेतलं अन् मोबाईल त्याच्या हाती दिला. तो एक एक फोटो सरकवत गेला अन् पुन्हा पहिल्यापासून पाहू लागला.

"हे बाबाच आहेत," तो म्हणे. मंग म्हणे, "पण मोठे बाबा, ह्या वेळेले तं मी रोज त्याइच्या नाकातल्या नळीतून दूध टाकत होतो. पलंगावरून उठवाले दोन माणसं लागत होती. हे... हे कोणं काढले?"

काय सांगू? डुकरासाठी आणलेल्या डब्यानं काढले.

तेराव्याले लता आली. सुधाकर अन् ती दोघं माह्याबरोबर पळसापाशी आले. लता म्हणे, कॅमेऱ्याच्या पोटात कार्ड असते, मोठा फोटो त्यात राह्यते, मोबाईलवर येते तो त्याचाच लहान नमुना. तिनं कार्ड काढलं, लॅपटॉपात टाकलं. नऊच्या नऊ फोटो होते. नंबर तेच. वेळ तीच, सहा चाळीस. तोच धुरा, तेच दहिवर, एका फोटोत तीच टिटवी.

गणपत नव्हता. एकाही फोटोत नव्हता.

लतानं मोबाईल अन् लॅपटॉप जवळ जवळ ठेवले. गवताची काडी न् काडी जुळत होती. फक्त इकडं तो उभा अन् तिकडं मोकळी जागा. "असं होऊच शकत नाही, बाबा," ती म्हणत राह्यली. "हा त्याचाच नमुना आहे. वेगळा असूच शकत नाही." सुधाकरनं दोन्हीकडचे फोटो पुन्हा पायले. मले म्हणे, "तुमच्याच मोबाईलवर आले ना फक्त?"

हो. माह्याच.

ते दोघं घरी गेले. मी तिथंच राह्यलो. मंग उठलो अन् तो उभा राहत होता तिथं जाऊन उभा राह्यलो, दगडापासून दोन पावलं अलीकडं. उजवा हात त्याच्यावानी खाली केला, माह्या अंगाले, अन् बोट जिकडं गेलं तिकडचं गवत विळ्यानं कापलं.

तिथं चर होता. माहाच चर. चौदा वर्षांमांगं सोयाबीनमधी पाणी साचे म्हणून मीच फावड्यानं ओढलता, नाल्याकडं. त्याचं तोंड सरकत सरकत धुऱ्याच्या पोटात शिरलतं. हात घातला तं कोपरापर्यंत आत गेला. दर पावसाळ्याले माहं पाणी तिथून धुरा खाऊन नाल्यात नेत होतं.

तिकडून पाय एकदा, म्हणे. त्यानं बारा वर्षांमांगं सांगतलं होतं. मंग नऊ सकाळी दाखवलं. मी दोन्ही बारी पायलं नाही.

मोजणीचा अर्ज मांगं घेतला. चर दगडानं बुजवला, सुधाकर आलता हाताले. धुरा अजून बारीकच आहे, एका पावसाळ्यात भरत नाही.

जावई म्हणतात, मशीनमधी काही तरी घोळ झाला असन. कॅमेरा विकणाऱ्यानंही फोनवर तेच सांगतलं, पण फोटो पाठवा म्हटलं तवापासून तो फोन उचलत नाही. असा घोळ नऊ दिवस, एकाच मिनिटाले, एकाच माणसाचा कसा होते, हे मले कोणी समजावून सांगतलं नाही. भूत होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. काय होतं, ते मले माहीत नाही.

कॅमेरा पळसालेच आहे. लता म्हणते, आता काढा, डुकराच्या वाटेवर लावा. लावीन. सध्या रोज सकाळी साडेसहाले मी धुऱ्यावर जातो. मोबाईल वाजते, मी उघडून पाहतो. फोटोत मी एकटाच असतो, थोडा बाजूले सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.