अकरा वाजताचा फोन

त्या दिवशी अकरा वाजता वहिनींनी फोन उचलला नाही. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावरच्या कॉफीच्या मशीनशेजारी उभं राहून मी चार वेळा फोन केला. रिंग नुसतीच वाजत राहिली. गेलं दीड वर्ष सुट्टी सोडून रोज अकराला मी हा फोन करत होते आणि दुसऱ्या रिंगला तो उचलला जात होता. मी विचारायचे, “बटण?” पलीकडून यायचं, “बंद.” की झालं आमचं संभाषण. माझ्या टीममधली मुलं या फोनवरून माझी यथेच्छ टिंगल करायची. त्या दिवशी मी कुणाला न सांगता पर्स उचलली, खाली आले आणि मिळेल त्या रिक्षात बसले. हायवेला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा खाली सोसायटीभर विखुरलेल्या दिसत होत्या. चांदणी चौकाच्या अलीकडे नवऱ्याचा, शेखरचा फोन आला. “वहिनी गेल्या गं... हार्ट अटॅक. दादांनी हॉस्पिटलात नेलं, पण वाटेतच...” मी विचारलं, “आणि गॅस?” तो म्हणाला, “कसला गॅस?” तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं. घरी पोचल्यावर हॉलमध्ये जमलेल्या शेजाऱ्यांना ओलांडून मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखाली वाकून सिलिंडरचं बटण पाहिलं. ते बंद होतं.

नंदावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. कोथरूडला आमचे दोन फ्लॅट समोरासमोर. एकात दादा, म्हणजे माझे मोठे दीर, आणि वहिनी, दुसऱ्यात आम्ही दोघं आणि आमची लेक. दारं दोन, पण स्वयंपाकघर एकच, आणि ते वहिनींचं. लग्न होऊन आले तेव्हा मला साध्या वरणाला फोडणी देता येत नव्हती. “तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ, मी माझी पातेली सांभाळते,” असं वहिनींनी पहिल्याच आठवड्यात स्वच्छ शब्दांत सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पुढची अठरा वर्षं मी आयतं जेवले, आणि काय जेवले! चिंचगुळाची आमटी, मेथीची गोळाभाजी, थंडीत लोण्याच्या गोळ्यासकट येणारं भाजणीचं थालीपीठ. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही, हा वहिनींचा नियम. मिठाचा अंदाज घ्यायला चमच्याचं टोकसुद्धा जिभेला लावायचं नाही, कारण ते उष्टं झालं. मी एकदा शहाणपणानं विचारलं, “मग मीठ कमी पडलंय हे कळतं कसं?” त्या म्हणाल्या, “देवानं नाक काय चष्मा ठेवायला दिलंय?” आणि खरोखर, उकळत्या पातेल्यावर किंचित वाकून त्या वास घ्यायच्या, चिमूटभर मीठ टाकायच्या आणि झाकण ठेवून द्यायच्या. कधी चुकल्या नाहीत.

या नाकाची खरी मजा प्रवासात यायची. वर्षातून एकदा आम्ही सगळे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचो. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असा डबा वहिनींच्या मांडीवर असायचा, आणि तो मुळशीचं पाणी दिसल्याशिवाय उघडायचा नाही हाही एक नियमच. घाट लागला की त्या डोळे मिटायच्या. दादा गाडी चालवता चालवता विचारायचे, “सांग नंदा, कुठं आलो?” वहिनी खिडकीतून वास घेऊन सांगायच्या, “खाचरं कापलीत कुठेतरी, म्हणजे घाट संपला.” किंवा, “सुकट वाळतेय, आता पाचव्या मिनिटाला समुद्र.” माझी लेक घड्याळ लावून बसायची आणि पाचव्या मिनिटाला समुद्र दिसला की टाळ्या पिटायची. दादांचा चेहरा मला आरशात दिसायचा. सगळं श्रेय आपलंच असल्यासारखे ते हसायचे.

मग त्या साथीत घरातले सगळेच तापले. वास सगळ्यांचाच गेला आणि दोन-तीन आठवड्यांत एकेकाचा परत आला. वहिनींनीही सांगितलं, “आला बाई माझाही.” आम्ही विश्वास ठेवला. न ठेवायचं कारणच नव्हतं. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मी घरून काम करत असताना समोरच्या फ्लॅटमधून करपल्याचा वास आला. धावत गेले. वहिनी गोड्या मसाल्यासाठी खोबरं भाजत होत्या. खोबरं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि त्या खिडकीतून बाहेर बघत शांतपणे कालथा फिरवत होत्या. “वहिनी, करपलं!” मी ओरडले. त्यांनी कढईत पाहिलं, गॅस बंद केला आणि आधी दार लावून घेतलं. “ओरडू नकोस. नाही येत मला वास. कशाचाच नाही. ह्यांना सांगायचं नाही, शेखरभावजींनाही नाही. मुलीची शपथ आहे.” मी डॉक्टरांचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, “मोतीबिंदू दाखवते असं सांगून नाकाच्या डॉक्टरकडे एकटी जाऊन आले. बघू म्हणतात.” आणि मग कढई घासायला घेतली.

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. मीठ चाखा हो, देव काही रागवायचा नाही, असं मी हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. ती गोष्ट त्यांच्या गळी उतरली नाही ती नाहीच. मग आम्ही एक खूण ठरवली. नैवेद्य झाला की पहिला घास मी घ्यायचा. मीठ कमी असेल तर म्हणायचं, “वहिनी, लोणचं वाढा.” जास्त असेल तर, “ताक आहे का?” लोणचं मागितलं की वहिनी “अगं बाई, आमटी गार झाली की” म्हणून पातेलं परत आत न्यायच्या. मी लोणचं फारसं खात नव्हते, पण त्या वर्षी दोन बरण्या संपवल्या. रविवारी सकाळी त्या मला कढईपाशी उभं करायच्या. “आता सांग, कसा येतोय?” “चांगला.” “चांगला म्हणजे काय? कच्चा? ओला? लाकडासारखा?” धणे भाजताना आधी गवताचा वास येतो, मग उन्हाचा, आणि तो मोडायच्या आत कढई उतरवायची, हे मला अशा बाईनं शिकवलं जिला त्यातलं काहीच येत नव्हतं. माझं उत्तर ऐकताना त्या माझ्या तोंडाकडे इतक्या अधाशीपणे बघायच्या, की कधी कधी मला तिथून निघून जावंसं वाटायचं.

त्या दिवाळीत आम्ही पुन्हा कोकणात निघालो. मला आदल्या दिवसापासून धडकी भरली होती. घाट लागला, वहिनींनी डोळे मिटले. काय करणार, दरवर्षीची रीत. दादांनी विचारलं, “सांग नंदा, कुठं आलो?” मी मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी होते. बाहेर कुठेतरी पालापाचोळा जाळत होते, धुराचा वास गाडीभर झाला होता. मी त्यांच्या हातावर बोट दाबलं, पण धूर कसा सांगायचा ते आम्ही ठरवलंच नव्हतं. लेक पुढे वाकून वहिनींकडे बघत होती. “खाचरं...” वहिनी म्हणाल्या. “भात कापलाय.” घाट अजून अर्धासुद्धा उतरून झाला नव्हता. लेक म्हणाली, “ए काकू, काहीतरीच काय!” दादांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. “बरोबर,” ते म्हणाले, आणि गाणी लावली. दादांचं लक्ष नव्हतं, वाचलो, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर पंधरवड्यातच ते घडलं. कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढत होते. पहिल्या मजल्यावरच गॅसचा वास आला, आणि वरून वहिनींच्या गुणगुणण्याचा आवाज. उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण पूर्ण उघडं होतं, आणि वहिनी चहा टाकायला हातात लायटर घेऊन शेगडीसमोर उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरून खसकन ओढला. लायटर खाली पडला. बटणं बंद केली, खिडक्या उघडल्या. त्या भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. “काय झालं?” असं त्यांनी विचारलंसुद्धा, आणि मग ओट्यावरचं दूध पाहून त्यांना समजलं. “मी आता दादांना सांगणार,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “खाली माणसं राहतात, वहिनी! माझी मुलगी आत्ता क्लासहून येईल!” त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “सांग. उद्या ते स्वयंपाकाला बाई ठेवतील. मग मी या घरात काय करायचं, तेवढंही त्यांनाच विचारून ये.”

मी नाही सांगितलं. चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याऐवजी अटी घातल्या. शेगडी पेटवायची ती फक्त मी घरात असताना, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. निघताना सिलिंडरचं बटण मी स्वतः बंद करणार. मधल्या वेळात चहा विजेच्या किटलीत. दादा रोज नऊला टेकडीवर जायचे, तिथून वाचनालयात आणि बाराच्या ठोक्याला घरी. त्या मोकळ्या वेळात, अकराला, मी फोन करणार. वहिनींनी सगळं मान्य केलं, वर टोला दिला, “सासू नव्हती मला, ती हौस फिटली.” दीड वर्ष हे चाललं. मीटिंगमध्ये अकरा वाजायला आले की माझं चित्त उडायचं. रस्त्यात आगीचा बंब दिसला की तो कोथरूडकडे जात नाही ना हे आधी बघायचे. कधी कधी मला त्यांचा भयंकर राग यायचा. एवढं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर कशासाठी? नवऱ्याशी इतकी वर्षं संसार केला, त्याला एक वाक्य सांगता येत नाही? पण संध्याकाळी पानावर बसल्यावर त्या दाराच्या चौकटीला टेकून माझ्या पहिल्या घासाकडे बघायच्या, आणि मी काही न मागता दुसरा घास घेतला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यापुढे माझा राग टिकत नसे.

वहिनींना जाऊन महिना झाला त्या दिवशी त्यांच्या नावानं पान वाढायचं होतं. शेखर म्हणाला, बाहेरून मागवू. मी म्हणाले, मी करते. चिंचगुळाची आमटी, गोळाभाजी, भात. सुट्टी काढून सकाळपासून त्या ओट्यापाशी उभी होते. काही चाखलं नाही. पातेल्यावर वाकून वास घेतला, चिमूटभर मीठ टाकलं, झाकण ठेवलं. वहिनींचं पान गॅलरीत ठेवून आम्ही जेवायला बसलो. मला बसवेना. मी चौकटीला टेकून उभी राहिले. दादांनी भात कालवला, पहिला घास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लोणचं वाढ गं.”

रक्तदाबामुळे दादांना लोणचं बंद होऊन दहा वर्षं झाली आहेत.

मी आत गेले. बरणी नाही आणली, मिठाची वाटी आणली. त्यांनी चिमूटभर मीठ घेऊन आमटीवर भुरभुरलं. “कधीपासून?” मी विचारलं. “त्या दिवाळीच्या आधीच,” दादा म्हणाले. “तू लोणचं मागितलंस की ती पातेलं आत नेते, हे कळायला काय अक्कल लागते?” शेखर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मला त्या क्षणी दादांचा इतका संताप आला... दीड वर्ष मी एकटी जीव मुठीत धरून जगत होते! “मग बोलला का नाहीत? मी तिकडे हिंजवडीत, घरात कुणी नाही, काही झालं असतं तर?” दादा पानातल्या भाताला बोटांनी आळं करत राहिले. “तिनं मला सांगितलं नाही. म्हणजे मला कळू नये असं तिला वाटत होतं. मग नाही कळलं.” पुढे म्हणाले, “आणि घरात कुणी नव्हतं, पण खाली होतं. टेकडी मी केव्हाच सोडली. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तो बाक आहे ना, तिथे पेपर घेऊन बसायचो, अकराचा तुमचा फोनसुद्धा तिथे ऐकू यायचा. वास आला असता तर दोन जिने चढायला कितीसा वेळ लागतो?” तेव्हा मला आठवलं, की त्या दिवशी सकाळी वहिनींना बरं वाटेनासं झालं तेव्हा दादा इतक्या लवकर घरी कसे पोचले, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. जेवणाच्या डब्यात कालचीच आमटी होती, आणि मीठ खरंच कमी होतं. पण त्याआधी, अकरा वाजता, कॉफीच्या मशीनशेजारी उभी असताना माझ्या बोटांनी सवयीनं फोन लावला. नाव दिसलं तेव्हा लक्षात आलं, पण तोवर पहिली रिंग गेली होती. वहिनींचा फोन बंद केला नसेल कुणी, चार्जिंगला लावून ठेवला असेल, मी आता कापायला हवा, असं म्हणेपर्यंत दुसरी रिंग झाली आणि फोन उचलला गेला. मी काही विचारायच्या आधीच दादा म्हणाले, “बंद आहे.”