जाईबाईले उपास चढे

जाईबाई माही मोठी जाऊ. बाळापूरच्या अलीकडं तिचं झेंडूचं वावर आहे. सकाळच्या पह्यल्या गाडीनं फुलाचे गाठोडे घेऊन अकोल्याले जाय, जठारपेठेत इकून दुपारी वापस. पन गावात तिची ओळख फुलाची नाई, बाटलीची. आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायले मतदान झालं होतं. उभी बाटली म्हंजे दुकान राहू द्या, आडवी म्हंजे बंद. घरोघरी हिंडून, बायाइच्या हातापाया पडून आडवी बाटली जिंकून आनली ते हिनंच. तवापासून महिला मंडळाची अध्यक्ष तेच.

आन् त्याच बाईच्या तोंडाले एक दिवस दारूचा वास आला. पह्यले मलेच आला. खोटं काहून सांगू, मी चांगली चार घरी जाऊन सांगतलं.

पुढच्या महिन्यात तं मंडळाच्या बैठकीत बोलता बोलता तिची जीभ जड झाली, डोळे लाल, भिंतीले टेकून खालीच बसली. बाया पदरात तोंड घालून हासल्या. "माह्या शुभमची शपथ, थेंब नाई घेतला!" ती म्हने. मी म्हनलं, "अवो, मंग हा वास काय झेंडूचा येऊन राहिला?" लय लागेल असं बोलली मी. दोन महिन्यात सुधरली नाई तं तिले मंडळातून काढायचं, असं बायाइनं तिथंच ठरवलं.

घरी येताना मले म्हने, "पार्बता, नाव गेलं तं माह्यापाशी राह्यलं काय?"

मी तिले उपाय सांगतला, आमच्याकडं सांगतात तोच. उपास धर म्हनलं, देव सोडवन. तिनं सोमवार धरला, चतुर्थी धरली, एकादशी धरली. साबुदान्याची उसळ, रताळे, केळं, शिंगाड्याचा शिरा, वरून गोड चहा. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हनतात ते काय उगीच? आन् बाप्पा, काय सांगू! उपासाच्याच दिवशी तिले जास्त चढे. जेवढा देव जास्त, तेवढी झिंग जास्त. मी मनात म्हनलं, हे बाई आता देवालेबी फसवून राहिली.

शेवटी शुभम, तिचा पोरगा, तिले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी बी संगं गेली. काळजीनं नाई, तिची चोरी पकडायले.

डॉक्टर जुईली म्हनून माह्या पोरीएवढी बाई होती. तिनं ना नाक मुरडलं, ना रागावली. हे सुरू व्हायच्या आंधी काय झालं होतं, एवढंच इचारलं. जाईबाईनं सांगतलं, इळा लागून पाय चिघळला होता. मेडिकलवाल्यानं जंतू मारायच्या कॅप्सूल देल्ल्या. पाय बरा झाला तरी ही तीन महिने खातच राह्यली, ताकद येते म्हनून.

"जास्त त्रास कोणत्या दिवशी होतो?"

"उपासाच्या!" मीच बोलली, टोमना म्हनून.

डॉक्टरीनबाईचा लिहिता हात थांबला. "उपासाला काय काय खाता, सगळं सांगा."

दुसऱ्या दिवशी जाईबाईले एका खोलीत बसवलं. पिशवी तपासली, लुगडं झटकलं, दार लावलं. राखनीले मी. रगत घेतलं, त्यात दारू नाई. मंग ग्लुकोजचं गोड पानी पाजलं आन् तासातासाले रगत घेत गेले. मी पापनी पाडली नाई. दोन तासानं तिचे गाल लाल झाले. चार तासानं म्हने, "पार्बता, खोली फिरून राहिली वो." तोंडाले तोच वास! रगतात दारू! ना बाटली, ना गिलास, ना कोनी आलं, ना कोनी गेलं. माह्या अंगावर काटा आला. मी हात जोडले. कोनाले जोडले, मले बी मालूम नाई.

डॉक्टरीनबाईनं मंग समजावलं. आपल्या सगळ्याइच्या पोटात थोडी बुरशी असतेच. जिच्यानं जिलेबीचं पीठ फुगते, तशातलीच. पोटातले चांगले जंतू तिले दाबून ठेवतात. कॅप्सूलनं ते मेले आन् बुरशीले रान मोकळं झालं. आता साखर, साबुदाना पोटात गेला का ती त्याची दारू करे. असं लाखात एखाद्याच मानसाले होते, म्हने. पोटाच्या दुसऱ्या आजारातबी हे बुरशीचं प्रमान बिघडलेलं दिसते, पन कोनामुळं काय होते ते अजून शोधूनच राहिले.

तिनं आमाले ते बुरशी मोठं करून दाखवनाऱ्या यंत्रातून दाखवली. बारीक बारीक गोल दाने, एकाच्या अंगाले दुसरा फुटलेला. एवढंसं! आन् त्यानं गाव हालवनारी बाई भिंतीले टेकवली. आपल्या पोटात एवढं मोठं गाव नांदते आन् आपल्याले खबर नाई, मायबाई! मी दोन डाव पाह्यलं, तरी मन भरे ना.

बुरशीचं औषध देल्लं, साखर, भात, साबुदाना बंद केला. सहा हप्त्यानं परत तसंच गोड पानी पाजून पाह्यलं. रगतात काहीच नाई.

बैठकीत मी उभी राह्यली. दवाखान्याचा कागद वाचून दाखवला, आन् चार घरी मीच बोभाटा केला होता हेबी कबूल केलं. बाया खाली पाहून राहिल्या होत्या. एक म्हने, "अध्यक्ष जाईबाईच." सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या.

जाईबाई मात्र बसलीच नाई. म्हने, "चार वर्षाआंधी आपन गोवर्धनले चौकात उभा करून दंड केला होता. तो बी शपथ घेत होता, प्यालो नाई म्हनून. कोनं ऐकलं त्याचं?"

आन् निंगालीच. आमी साऱ्या मांगं. गोवर्धन घरापुढच्या वट्ट्यावर बसला होता. एवढ्या बाया पाहून घाबरला.

"गोवर्धनभाऊ, चाल अकोल्याले. तुह्यं बी रगत तपासू. माह्याकडून चूक झाली असन."

गोवर्धन वट्ट्यावरून उठला. मंग म्हने, "नाई वहिनी. मी तं खरंच पेत होतो. आजबी पेतो."

त्यानं टोपी काढली, तोंड पुसलं.

"पन चाल," म्हने. "सोडवायचं औषध असते का वो तिथं?"