मांजरांच्या पुस्तकाची तिसरी बांधणी

गुलमंडीत एक म्हातारा बाइंडर होता. बांधायला आलेलं पुस्तक वाचायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून बोलणाऱ्या मांजरांच्या राज्याची माझी लाडकी कादंबरी मी तिसऱ्यांदा बेधडक त्याच्या हाती दिली. "लेकीची आहे," ही नेहमीची थापही मारली. मी पडलो कडक हेडमास्तर. मांजरांसाठी रडतो हे शाळेत कळलं असतं, तर माझी छडी कुणी मनावर घेतली असती?

त्यानं पुस्तक उलगडून झटकलं. म्हातारी मांजर मरते, त्या पानातून तपकीर सांडली. त्यानं ती बोटावर घेऊन हुंगली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"लेक तपकीर ओढती व्हय?"

मी खिशातली तपकिरीची डबी आणखी खोल सरकवली.

"तिला सांगा," सुईत दोरा ओवत तो म्हणाला, "या पानावर मीबी मागल्या दोन्ही खेपंला रडलोय."